दुसरी गोणी

एन्डेल आला तेव्हा हातात फक्त एक स्क्रूड्रायव्हर.
वय एक्याऐंशी, गुडघ्याला लोकरीचा पट्टा.
कोठाराच्या उत्तर बाजूला तो उकिडवा बसला
आणि तळच्या ओंडक्यावर टोक टेकवलं.
टेकवलं फक्त. मुठीपर्यंत आत गेलं,
भिजलेल्या राईच्या पावात जावं तसं.

बोलला काही नाही. सारेमा बेटावर
वाईट बातमी कोणी घाईनं देत नाही.
टोक हुंगलं, मग माझ्या नाकासमोर धरलं.
अळंब्यांचा वास. खरं सांगू, छान वास.

वरून कसं ठणठणीत होतं!
गेल्याच उन्हाळ्यात मी लाल रंगाचे दोन हात दिले होते,
बिजागऱ्यांना तेल.
आत बटाटे, मासेमारीची जाळी, आईचा मोडका चरखा,
आणि कोपऱ्यात कायमची एक ओल,
जिला मी इतकी वर्षं सावली समजत होते.

एन्डेलनं बोटानं खालचा सिमेंटचा पट्टा दाखवला.
तो माझ्या बापाचा. अडुसष्ट सालचा.
सामुदायिक शेताच्या गोदामातून एका रात्री दोन गोण्या आल्या,
कशा आल्या ते घरात कोणी विचारलं नाही,
आणि पायाच्या दगडांमधल्या सगळ्या फटी त्यानं लिंपून टाकल्या.
उंदीर नकोत, वारा नको, बटाटे गोठायला नकोत.
थापी पुसत आईला म्हणाला होता,
"आता शंभर वर्षं बघायला नको."
आणि खरंच, कोणी बघितलं नाही.

"दगडांतून वारा जायचा," एन्डेल म्हणाला.
"लाकूड भिजायचं, वाळायचं. भिजायचं, वाळायचं.
दोनशे वर्षं त्याचं हेच चाललं होतं.
भिजण्यानं काही होत नाही, हेल्यु.
वाळू दिलं नाही, की मग."

जॅक शेजारच्या ट्रॅक्टरचा, चार दिवसांच्या बोलीवर.
पहिल्या दिवशी छिन्नीनं सिमेंट फोडलं.
एका ढलपीवर मांजराच्या पावलाचा ठसा निघाला.
कुठलं मांजर, ते काही केल्या आठवेना.
दुसऱ्या दिवशी कोठार दोन बोटं उचललं.
ते कण्हलं. आतल्या फळीवर मुरंब्याच्या बरण्या
एकमेकींच्या कानाला लागल्या.

मग करवत. पण कुठवर कापायचं?
मी म्हटलं, दिसतंय तेवढं. तो हसला.
हातोडीच्या दांड्यानं ओंडका ठोकत गेला,
भद. भद. भद.
मध्येच थांबून नाक शिंकरलं. भद.
ठण्.
"इथे. आणि इथून पुढे आणखी एक वीत.
कूज आवाजाच्या जरा पुढे चालते."

नवा तुकडा पाइनचा. जुन्याच्या खाचेत
तो तिसऱ्या प्रयत्नात बसला, शिव्या खाऊन.
खाली बर्चची साल, फटींत शेवाळ.
शेवाळ ओलंच कोंबायचं असतं,
हे मला साठ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.
दगडांमधल्या फटी मात्र तशाच उघड्या ठेवल्या,
पडक्या दातांच्या हसण्यासारख्या.

शेवटच्या संध्याकाळी पायरीवर बिअर घेऊन बसलो.
समुद्रावरून धुकं जुनिपरच्या झुडपांपर्यंत आलं होतं.
एन्डेल गुडघा चोळत होता. बराच वेळ चोळत होता.
म्हणाला, "दुसरी गोणी माझ्या खांद्यावर होती."

मी गप्प.

"त्या रात्री पाऊस होता.
मी अंगातला कोट काढून तिच्यावर घातला,
भिजू नये म्हणून."

यावर मी काय बोलणार?
उरलेली बाटली त्याच्याकडे सरकवली.
आमच्या पाठीमागे वारा दगडांतून आत शिरत होता,
हवं तेव्हा बाहेर येत होता.
यंदा बटाट्यांवर
जुनं पांघरूण घालावं लागेल.