गरजेनुसार

ओनोफ्रे मास्तरांची वही वालपाराइसोची,
समुद्राच्या कुशीत बसून लिहिलेली.
इथर इतके, अल्कोहोल तितके,
कॅडमियमचे मीठ गुंजेगुंजेने तोललेले,
आणि दर पानाच्या तळाशी एकच शब्द: गरजेनुसार.
माझी आई सूपमध्ये मीठ घालायची ते असेच,
न मोजता, वाफ नाकाशी धरून.

मास्तर, इथे पोतोसीत, चार हजार मीटरवर,
बटाटे शिजायला अर्धी दुपार जाते,
आणि इथर?
खिडकीतून उन्हाची तिरीप आली
की बूच उडवून पसार.
काचेवर ओतलेले कलोडियन
चौथ्या कोपऱ्याला पोचेपर्यंत
पहिल्या कोपऱ्यावर साय धरते.
म्हणून खोडले, पेन्सिलीने, हलकेच:
इथर कमी. अल्कोहोल वाढव.
तुमच्या अक्षरावर माझी पहिली रेघ.
रात्री उठून दोनदा पाहिली.

चांदीच्या पाण्याचे दुखणे वेगळे.
दोनशे काचा न्हाऊन ते गढूळ झाले होते.
तीन दिवस गच्चीवर ऊन खाऊ घातले,
काळे तळाला बसले,
कापसातून गाळले, लिटमस बुडवला.
नायट्रिकचा एक थेंब.
थांबले.
आणखी अर्धा.
अर्धा थेंब कसा पाडायचा ते वहीत नाही,
ते काचेच्या कांडीला विचारावे लागते.

शुक्रवारी सातुर्निनो वांका आला.
केस पाण्याने चापून बसवलेले, टाय पुतण्याचा,
गालात कोकाच्या पानांची गोळी.
लेक आंतोफागास्ताला असते, तिला फोटो हवा,
कागदावरचा नको, काचेवरचा.
म्हटले, सहा सेकंद हलायचे नाही.
बसला, अगदी डोंगर बसावा तसा.
चौथ्या सेकंदाला छातीतला खडा सुटला.

पहिल्या काचेवर त्याला दोन डोकी.
दुसरीवर टाय स्पष्ट, वर नुसता धूर.
तिसरीच्या वेळी त्याने खोकला दातांत धरला,
डोळ्यांतून पाणी आले,
तरी खोकला आलाच.
"राहू दे, देल्फिना," म्हणाला,
"सव्वीस वर्षे मी डोंगरात होतो,
आता डोंगर माझ्यात आहे. तो कुठला गप्प बसतोय."

त्याला कोकाचा चहा दिला.
तो पीत होता तेव्हा घड्याळ घेऊन बसले
आणि दोन खोकल्यांमधली जागा मोजली.
तीन सेकंद. अडीच. तीन. अडीच.

मग लाल पडलेली जुनी बाटली मागे सारली,
परवाची, पिवळी, कोवळी पुढे घेतली.
भिंग पुरते उघडले.
हिराकस वाढवले. हिराकस म्हणजे घोडा,
ॲसेटिक त्याचा लगाम,
आणि मी लगाम सैल सोडला,
कडा करपतील हे ठाऊक असून.

तो खोकला. मी टोपण काढले.
एक. दोन.
टोपण लावले. तो खोकला.

हायपोत निळसर दुधाखालून
आधी गालातली गोळी वर आली,
मग भुवई, मग सगळाच तो,
एका डोक्याचा.
डाव्या कडेला राखाडी पट्टा,
आम्ल कमी पडल्याची खूण.
मास्तरांनी ही काच खरवडून पुसली असती.

सातुर्निनोने ती उजेडाकडे तिरपी धरली.
"ह्यात चांदी किती?"
"चिमटीत येणार नाही एवढी."
"माझीच असेल बघ. नाहीतर आज्याची."
हसला, आणि हसणे खोकल्यात गेले,
मी काच त्याच्या हातातून घेतली,
व्हार्निश अजून व्हायचे होते.

खोलीभर लव्हेंडरचा वास असताना
वहीत लिहिले, ह्या वेळी शाईने:
शुक्रवार. ऊन कडक.
हिराकस दीडपट, आम्ल निम्मे.
डावी कड धुरकट, चालेल.
खोकला अडीच सेकंदांनी.