अकरा ओळी

रात्रीचे साडेबारा. पहिल्या पानावर नदी.
राजाराम बंधारा, अडतीस फूट सात इंच.
मी आतल्या पानावर,
समुद्रकाठच्या एका लांबच्या मैदानात
अजून उजेड आहे म्हणून थांबलेला.
तिकडे संध्याकाळचे आठ. सतराव्या होलवर आपला मगदूम.

आपला म्हणजे भरतेश.
टेंबलाईच्या मागं ते नऊ होलचं मैदान आहे ना,
तिथं साहेबलोकांचे चेंडू
घाणेरीत हात घालून शोधून द्यायचा,
चेंडूमागं आठ आणे.
आता मेजर खेळतोय.
गावाला हे नीट पोचलेलं नाही.
मेजर म्हटलं की विचारतात, कुठल्या बटालियनला?

आठवडाभर फोन वाजला की
आधी आकडाच सांगायची सवय लागलीय.
उचलला, म्हटलं,
अडतीस सात, इशारा पातळीला पाच इंच कमी.
पलीकडे खोकला. मग:
'पाण्याचं न्हवं ओ. पोराचं इचारतोय.'

आदगोंडा मगदूम.
त्या मैदानाचं गवत कापण्यात चाळीस वर्षं गेलेला माणूस.
म्हटलं, अण्णा, दोन ओव्हर आहे. एक होल राहिलाय.
दोनवर थांबला तर उद्या खेळणार,
तीन झाले की घरी.
'म्हंजे चढू ने, असं?'
चढू नये.
'मग नदीगतच की.'

चार फुटांचा पट होता, हे नंतर कळलं.
माझ्या पडद्यावर ना चेंडू ना भोक.
एक बारीक चक्र फिरत राहिलं
आणि दोनाचे तीन झाले.
त्याच वेळी बाहेरच्या टेबलावरून कोणतरी ओरडलं,
अडतीस आठ!

रिसीव्हर कानालाच होता.
अण्णा, एका फटक्यानं राहिलं.
त्यांनी अरेरे केलं नाही.
थोडं थांबून म्हणाले,
'गवत कसलं हाय तिथलं?
बारीक पात्याचं का जाड?
सांजचं कुठल्या अंगाला झोपतंय?'

एजन्सीच्या बातमीत वारा होता.
बक्षिसाची रक्कम होती, डॉलरमध्ये.
आघाडीवरच्या खेळाडूच्या पाठीच्या दुखण्यावर
दोन अख्खे परिच्छेद होते.
मी शेवटपर्यंत वाचली,
फोन हातात धरून,
वायदा केल्यासारखी.
गवत नव्हतं.

मथळा दिला: मगदूमचा कट हुकला.
हावळ सर चष्म्यावरून बघत म्हणाले,
आरं, कोल्हापुरात कट मिसळीला मिळतो.
बदल.
मग नेहमीचंच, आव्हान संपुष्टात.
वीस ओळी होत्या, नऊ कापल्या,
कारखान्याच्या चेअरमनांचा वाढदिवस
पाव पान घेऊन बसला होता.
टेंबलाई गेली त्या नऊ ओळींत. घाणेरी गेली.
'कोल्हापूरचा' तेवढं राहिलं.

पहाटे गाडी घराकडं न वळता तिकडं गेली.
पाऊस भुरभुर.
रिटायर झालेला माणूस
डोक्यावर खताचं पोतं घेऊन
लांब बांबूनं सातव्या होलवरचं पाणी
हळूहळू कडेला सारत होता.
आज कोण खेळणार होतं इथं?

प्लॅस्टिकच्या पिशवीतून पेपर काढून दिला.
पहिलं पान त्यांनी पाहिलंच नाही,
थेट आत गेले.
बोट ठेवून वाचलं, अकराच्या अकरा ओळी,
कानडी वळणाच्या मराठीत, मोठ्यानं.
मग वीत लावून बघितली. वीतभर नव्हती.

'बरं लिवलंय,' म्हणाले.
पेपराची घडी पोत्याखाली, छातीशी.
खाली वाकून
ओल्या गवतावरून उलटा तळवा फिरवला
आणि मला म्हणाले, हात लावून बघा.
लावला.
मला ओलं लागलं फक्त.
'ह्या अंगाला,' ते म्हणाले, 'झोपलंय बघा.
त्याला फोन लागला की इचारतो.'