सव्वा ओहम

आर्विद्सयाऊरमध्ये आज उणे एकतीस.
शेडची कडी हातमोज्याला धरून ठेवते,
ओढला की लोकर तिच्याकडेच राहते.

वडिलांची व्होल्वो, सत्तावन्न सालची.
शरदात तिची सगळी वीज बदलली मी:
बॅटरी, डायनॅमो, दिवे, वायपर,
सहाचे बारा व्होल्ट, एका आठवड्यात.
राहिला तो हीटरचा पंखा,
डॅशबोर्डखाली, बोटं पोचत नाहीत तिथे.
त्याच्या मापाचा दुसरा मिळेना.

मग थेटच जोडला.
काय पळाला!
काचेवरचं बर्फ बघता बघता सुटलं
आणि आईच्या गुडघ्यांशी वास आला
जळक्या वार्निशचा.
"त्याला..." आई म्हणाली.
पक्षाघातापासून तिचं वाक्य
मुक्काम करत करत येतं.
"बंद करू? थंडी वाजतेय? घरी जायचंय?"
"...हळू," ती म्हणाली,
तोवर मी दोन वळणं पुढे.

हिल्डिंग आला रविवारी.
चाळीस वर्षं विजेच्या खांबांवर काढलेला माणूस,
खिशात चिनीमातीचा एक तुकडा,
खडूसारखा पांढरा, दोन टोकांना तारा.
"सव्वा ओहम. अर्धे व्होल्ट हा खाईल,
उरलेले म्हाताऱ्याला.
हात लावू नकोस, पोळशील."
"म्हणजे अर्धी वीज वायाच की."
तो बोलला नाही.
पाठीवर झोपला, पाय दाराबाहेर बर्फात,
आणि तो तुकडा त्याने बसवला
पंख्याच्याच तोंडासमोर, वाऱ्याच्या वाटेत.
"घे. आता जाऊन जाऊन
जाईल कुठे? तुमच्या पायांवरच."

आज किल्ली फिरवली.
पंखा आधी कुरकुरला,
गारठलेल्या तेलात एकदा अडला,
मग लागला फिरू,
त्याच्या त्याच्या चालीने.
काचेवर बशीएवढी जागा उघडली.
तेवढ्यातून रस्ता, गोठलेलं तळं,
कडेला उभं एक रेनडिअर, निघायची घाई नसलेलं.

"तुझे वडील..." आई म्हणाली.
मी जीभ दातांखाली धरली.
लाकडाची वखार गेली.
"...कधीच..."
चर्च गेलं. पेट्रोलपंप गेला.
माझ्या तोंडात तीन शेवट तयार,
तिन्ही गरम.
मी गिअर बदलला, नुसता.

"...हा पंखा लावायचे नाहीत.
बॅटरी... संपेल म्हणून."

आणि हसली,
चेहऱ्याच्या चालत्या अर्ध्याने.