सेकंड मालाचा टॉवेल

कॅमेरा मीच लावला, दिवाळीत,
विडी घरकुलातल्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत,
अप्पांच्या फोटोशेजारी.
अम्मा म्हणाली, "एकटे तेच बघायलेत ते पुरंना का?"

दुसऱ्या आठवड्यात चित्र गेलं.
काळं नाही झालं. पांढरट, दाणेदार.
हिंजवडीत बसून मी दोन बोटांनी मोठं केलं:
उभे धागे, आडवे धागे, लव,
काठाजवळ एक बाणा तुटलेला.
अप्पांच्या मागावरचा टॉवेल.
सेकंड मालात निघाला, म्हणून घरीच राहिला.

फोन केला. "लाईट गेलती की रे."
लाईट गेली असती
तर मला टॉवेल तरी कसा दिसला असता, अम्मा,
हे मी विचारलं नाही.

पण टॉवेलनं कान झाकत नाहीत.
'आवाज आढळला', भर मीटिंगमध्ये खिसा थरथरतो.
कच्, कच्. पत्र्याच्या मापानं पान कापणारी कात्री,
सुपातली तंबाखू,
मधे खोकला, पदरात दाबलेला.
विड्या सोडल्या म्हणून तिनं मार्कंडेयाची शप्पत घेतली होती,
माझ्यासमोर, डॉक्टरसमोर.

बोलणारा डबाही मीच नेऊन दिला.
त्याला ती मराठीत विचारते, आज किती तापायलंय?
तो सांगतो, त्रेचाळीस.
मग शेजारची नरसव्वा येते आणि बोलणं तेलुगूत उतरतं,
सोलापुरातल्या तेलुगूत, जिच्यात कन्नडही शिरलीय आणि मराठीही.
डबा मधेच म्हणतो, "माफ करा, मला समजलं नाही."
"ऊरुको," अम्मा म्हणते, पोराला गप्प करावं तशी,
आणि दोघी खूप वेळ हसतात.
कशाला, ते मलाही पुरतं कळत नाही.
पुण्यात बारा वर्षं झाली.

माझ्या लॅपटॉपच्या डोळ्यावर चिकटपट्टी आहे.
लोकेशन बंद, माईक बंद.
सिगारेट मी गच्चीच्या त्या कोपऱ्यात ओढतो
जिथं सोसायटीचा कॅमेरा वळत नाही.

शनिवारी तिकडचा आवाज बंद केला.
सापडायला वेळ लागला. सेटिंग, त्याच्या आत सेटिंग,
शेवटी 'तुमची खात्री आहे का?'
खात्री कसली.
हो दाबलं.

चित्र राहू दिलंय.
रात्री दहाला एकदा उघडतो.
टॉवेल. आज उलटा टांगलाय,
तुटका बाणा डावीकडे आलाय.
म्हणजे धुतला.
म्हणजे बरी आहे.