अर्धं मिनिट पुढे

ग्रिम्सबीत, गोदीमागच्या रांगेतल्या विटांच्या घरांत
माझी आणि बेरिल साउअरबीची भिंत एकच.
तिच्याकडे छपरावरचा जुना अँटेना,
माझ्याकडे इंटरनेटवरून रखडत येणारं चित्र,
म्हणून दर मंगळवारी रात्री आठ वाजता
ती माझ्या अर्धं मिनिट पुढे जगते.

तिचं "अगं बाई" आधी येतं,
केक नंतर कोसळतो.

सुरुवातीला वैतागलो. सगळंच आधी फुटायचं.
मग कान तयार झाला:
नुसतं "च्च" म्हणजे क्रीम फाटलं,
खुर्चीचा हात दोनदा थोपटला म्हणजे पाव फुगला,
आणि लांबलचक, जिना उतरल्यासारखं "अरेरेऽऽ"
म्हणजे कुणीतरी घरी चाललं.
माझ्या पडद्यावर तो माणूस तेव्हा
अजून हसत असतो,
ॲप्रनला पिठाचे हात पुसत
शेजारच्या टेबलाला सांगत असतो, जमलं बहुतेक.
त्या अर्ध्या मिनिटात
मला त्याच्याकडे बघवत नाही.
दुसरीकडे बघावं तर खोलीत एक खुर्ची,
तिच्यावर मी,
आणि घटस्फोटात माझ्या वाट्याला आलेला हा टीव्ही.

बेरिलचा जीव नेव्हिलवर.
उत्तरेकडच्या डोंगरात हा हिवाळाभर
ट्रकमधून रस्त्यांवर मीठ पसरतो,
गाड्या घसरू नयेत म्हणून.
तिसऱ्या आठवड्यात हाच पावात मीठ घालायला विसरला.
"मीठ! अरे मेल्या, मीठ!"
माझ्या बाजूचं कॅलेंडर हललं.
माझा नेव्हिल अजून पीठच चाळत होता,
तेव्हा मीही ओरडलो, वेळेत असल्यासारखा.
हे सगळं गेल्या उन्हाळ्यात चित्रित झालंय,
तो पाव केव्हाच कुणीतरी फेकून दिलाय,
हे भिंतीच्या दोन्ही बाजूंना माहीत होतं.

कोपऱ्यावरच्या दुकानात
ओझानचं लक्ष आठनंतर कढईत नसतं.
त्याची इमोजेन, वकिलीचं शिकणारी.
"पोरीचे हात बघा, टाके घालावेत तसे!"
रांगेतली गोदीवरची माणसं म्हणतात,
हात असतील, चवीचं काय?
यातल्या एकाच्याही जिभेवर
ती चव कधी येणार नाही,
पण चवीवरून एकदा दोघं भावंडं
चिप्स न घेताच वेगवेगळ्या दिशांना गेली.

शेवटच्या मंगळवारी भिंत गप्प.
इमोजेनचा साखरेचा मनोरा तडकला, "च्च" नाही.
नेव्हिलने तीन मजली केक उचलला,
ओट्यापासून परीक्षकांपर्यंत सात पावलं,
मी पावलं सोडून भिंतीकडे बघत होतो.
काहीच नाही.
पुढचं मला पहिल्यांदाच माहीत नव्हतं.
पोटात गोळा आला, तो नेव्हिलसाठी की बेरिलसाठी,
ते धड कळेना. ब्याऐंशीची आहे ती.
नाव जाहीर झालं.
मी तसाच मोज्यांवर बाहेर पडलो
आणि तिचं दार ठोठावलं.

उघडलं तिने. हातात ओलं फडकं.
"मला नाही बघवलं," म्हणाली,
"सुरू व्हायच्या आतच बंद केला.
तेव्हापासून बशा धुतेय. स्वच्छच होत्या."
मग माझ्या तोंडाकडे पाहून:
"थांब. सांगू नकोस."

खाडीवरून वारा येत होता, मोजे भिजत होते,
आणि मी तिच्या पुढे होतो,
अर्धं मिनिट, कदाचित थोडं जास्तच.
तोंडाचा भरवसा नव्हता, म्हणून ते मिटून ठेवलं.
हाताने मात्र
दाराची चौकट दोनदा थोपटली.

बेरिल हाताकडे बघत राहिली.
"म्हणजे तुला सगळं ऐकू जातं होय रे,"
असं म्हणून तिने
ते ओलं फडकं तोंडाला लावलं.