तळघराचा वास

मी वर स्वयंपाकघरातल्या नव्या फरशीवर भाळले होते.
खिडकीतून ईरी सरोवराची निळी चिंधी दिसत होती,
आणि दलालबाईंनी दालचिनीची मेणबत्ती लावली होती.
"मेणबत्ती कशाला लागली, ते आधी विचार,"
अ‍ॅम्ब्रोझ टली म्हणाला, आणि बॅटरी माझ्या हातात दिली.

खाली भिंतीवर, कमरेएवढ्या उंचीवर, एक रेघ.
पट्टी लावून मारल्यासारखी.
पाणी कधीतरी तिथवर आलं होतं, उभं राहिलं होतं,
आणि कुणाला न सांगता निघून गेलं होतं.

मी शाळेची बस चालवते. बावीस वर्षं झाली.
प्रश्न माझ्याकडे वहीभर होते:
सुरुवातीला किती लागतात? भाव उतरेपर्यंत थांबू?
कर्ज आधी की घर आधी?
अ‍ॅम्ब्रोझ आयुष्यभर प्लंबर, सात घरांचा मालक,
उत्तर म्हणून नळ सोडायचा आणि कान लावून उभा राहायचा.

एकदाच त्याने माझी वही ओढून घेतली.
दोन मजल्यांचं भाडं अठराशे, हप्ता अकराशे,
उरले सातशे, आणि सातशेखाली मी दोन रेघा मारलेल्या.
"कर?" तो म्हणाला. "विमा? छप्पर किती वर्षांचं?
मजला महिनाभर रिकामा राहिला तर?"
प्रत्येक प्रश्नागणिक एक वजाबाकी.
शेवटी एक्याऐंशी डॉलर राहिले.
"हे तुझे," तो म्हणाला. "पण यांनाही हात लावायचा नाही."

मग मी ते घर सोडलं
आणि अ‍ॅश स्ट्रीटवरचं घेतलं,
शेवाळी रंगाचं, बघताक्षणी नको वाटणारं,
पण तळघरात काडी ओढली तर कोरडी पेटणारं.
खाली मी. वर डेल्फीन रस्क आणि तिचा मुलगा.
ती बेकरीत पहाटे तीनला जायची;
तिच्या पावलांनी मला जाग यायची, आणि खरं सांगते,
त्या पावलांत मला हप्ता ऐकू यायचा.

जानेवारीचं भाडं आलं नाही.
मी नोटीस छापून आणली, घडी घातली,
आणि फ्रीजवर ठेवून रोज तिच्याकडे बघत राहिले.
जिना तेरा पायऱ्यांचा. माझ्याच्याने चढवेना.
तिसऱ्या आठवड्यात चढले तेव्हा
दार उघडलं ते टोपी घातलेल्या मुलाने.
ओव्हनचं तोंड उघडं, त्यासमोर दोन खुर्च्या,
खुर्च्यांवर पांघरुणं.
वरची भट्टी नऊ दिवसांपूर्वी बंद पडली होती.

भाडं थकलं म्हणून ती मला बोलवत नव्हती.
भाडं थकलं म्हणून मी वर जात नव्हते.
मधल्या मजल्याच्या फळ्यांत
आम्हा दोघींची लाज थंडीने तडकत होती.

भट्टीला चौतीसशे लागले.
एक्याऐंशी गुणिले अकरा,
तुम्हीच करा हिशेब.
उरलेल्यासाठी मी वसंतभर शनिवारी
फुटबॉलच्या पोरांना गावोगाव नेऊन आणलं,
आणि डेल्फीनने एप्रिलपर्यंत थोडं थोडं करून
सगळं भाडं पिठाच्या बोटांनी मोजून दिलं.
नोटीस कुठे गेली आठवत नाही.
माझा फोन नंबर मात्र तिच्या फ्रीजवर आहे,
आणि आता नळ ठिबकला तरी ती फोन करते.
कधीकधी रात्री. कधीकधी मी वैतागते.

अ‍ॅम्ब्रोझने सातही घरं विकली.
तो आता भाड्याने राहतो, तिसऱ्या मजल्यावर.
"काही बिघडलं की मी खुर्चीत बसतो
आणि मालकाला फोन लावतो," तो सांगतो,
"इतकी मजा मला कधी आली नव्हती."

परवा डेपोत नवा ड्रायव्हर एमेट विचारत होता,
मोबाईलवर कुठल्याशा घराचे फोटो, फरशी चकचकीत,
"सुरुवातीला नक्की काय लागतं हो?"
मी उत्तर द्यायला तोंड उघडलं,
वही आठवली, तेरा पायऱ्या आठवल्या.
म्हटलं, शनिवारी जाऊ या.
येताना जुने बूट घाल.