उणे बावीस

बाहेर सत्तेचाळीस. जबल अलीच्या शीतगृहात
उणे बावीस. दारातच चष्मा आंधळा होतो.

लॅबमधली फिलोमिना सांगते,
ध्रुवाकडच्या समुद्रात एक मासा आहे,
गोठणाऱ्या पाण्यातही रक्त वाहतं त्याचं.
त्याच्या रक्तातलं प्रथिन आता यीस्टकडून करवून घेतात,
आइस्क्रीममध्ये घालतात, चिमूटभराहून कमी.

"म्हणजे बर्फ वितळवतं?"
"छे! कणाला चिकटून बसतं नुसतं.
वाढू देत नाही."

फुटलेल्या खोक्यातलं चाखलं मी, हातमोजा काढून.
जिभेला एक खडा लागेल तर शपथ.

रात्री दापोलीला फोन.
सुट्टी पुन्हा रद्द, सकीना घुश्शात.
"काय रांधलंस?"
बराच वेळ नुसती खरखर.
"बांगडा."

उद्याही हेच विचारीन.